वसुली शून्य

नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या हिशेबाचा फॉर्म एकाच पानाचा असतो. आमच्याकडे, एचआर खात्यात, त्याला नुसतं ‘एफ अँड एफ’, म्हणजे ‘फुल अँड फायनल’, म्हणतात. डावीकडे कंपनीनं द्यायचं ते लिहायचं: उरलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी. उजवीकडे त्याच्याकडून घ्यायचं ते: उचल, कॅन्टीनची बाकी, लॉकरची किल्ली, आणि अगदी तळाला ‘प्रशिक्षण खर्चाची वसुली’. कुणाला कंपनीच्या पैशानं बाहेर शिकायला पाठवलं असेल आणि बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, संपायच्या आत तो निघाला असेल, तर ती रक्कम या ओळीत येते. २०२५ च्या जुलैमधली दुपार होती. चाकण एमआयडीसीत पाऊस आडवा येत होता आणि तळेगाव रस्त्यावर कंटेनर जागच्या जागी उभे होते. मी मेंटेनन्समधल्या एकाचा फॉर्म तपासत बसले होते. सर्व्हिस नऊ वर्षं. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २४,०००. गुणिले १५, भागिले २६, गुणिले ९. ग्रॅच्युइटी १,२४,६१५ रुपये. आकडा बरोबर होता. मग उजव्या बाजूच्या शेवटच्या ओळीवर आले. तिथं शून्य होतं.

सही करायला पेन टेकवलं आणि उचललं.

एरवी हे शून्य पाहून बरं वाटतं. जाणाऱ्याचे पैसे कापायचे नाहीत, वाद नाही, तो हात मिळवून जातो. त्या दिवशी खात्री करावी म्हणून त्याची ट्रेनिंगची नोंद उघडली. नऊ वर्षांत १४१ तास भरले होते. आग विझवायचं प्रात्यक्षिक दर वर्षी. प्रथमोपचार. फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत. उंचावर काम करताना पट्टा कसा बांधायचा. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या कायद्याची माहिती. कुठल्याही ऑडिटरनं पाहून समाधानानं पुढं जावं अशी नोंद. तिच्या शेजारी ‘विनंत्या’ नावाचा टॅब असतो, तो आम्ही क्वचित उघडतो. त्यात चार अर्ज होते. २०१८, २०१९, २०२१ आणि २०२३. चारही एकाच गोष्टीसाठी: पीएलसी (मशीनचं नियंत्रण करणारा छोटा संगणक) आणि रोबोट प्रोग्रॅमिंगचा सहा आठवड्यांचा कोर्स. चारही परत गेलेले, शेरा चारींवर तोच: ‘सध्या सोडता येणार नाही.’ पहिले दोन मी या कंपनीत येण्याआधीचे. तिसरा करोनाच्या दुसऱ्या लाटेतला, तेव्हा सगळंच थांबलेलं. चौथा माझ्या लॉगिनवरून परत गेला होता.

मला तो दिवस आठवेना. कॅलेंडर काढून पाहिलं तर ऑडिटचा आठवडा. खात्याच्या प्रमुखांनी ‘नाही’ लिहून पाठवलं असणार आणि मी बाकीच्या ढिगाबरोबर तोही पुढं सरकवला असणार. त्याचं वाईट करावं असं मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. आणि दोनच दिवसांपूर्वी, तो शेवटच्या मुलाखतीला माझ्यासमोर बसला होता तेव्हा, मी त्याला काय म्हणाले होते ते आठवून माझे कान तापले.

“अहो डॉक्टर, मग इथं मागायचं होतं ना.”

शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनं चालतात तिथं, सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. लातूरकडचा माणूस, आयटीआयनंतर डिप्लोमा केलेला, मोशीत वन बीएचकेत राहणारा. आमच्याकडे एक जुनं ग्राइंडिंग मशीन आहे, परदेशातून वापरलेलं आणलेलं. त्याच्या पॅनेलच्या वायरिंगची निम्मी ड्रॉइंग्ज कधीच हरवलीत. लाइनवरचं प्रत्येक शाफ्ट त्या मशीनमधून जातं, त्यामुळे ते थांबलं की पुढचं सगळं थांबतं. डॉक्टर त्याच्याजवळून जाताना चालण्याचा वेग कमी करायचा. मी स्वतः पाहिलंय. मशीन चालू असताना तो हेडस्टॉकच्या बाजूला तळहात टेकवून उभा राहायचा, आजारी मुलाच्या कपाळाला हात लावावा तसा, आणि म्हणायचा, “आज आवाज घोगरा आहे, बेअरिंग बघायला लागेल.” रात्री दोनला फोन गेला तर पावणेतीनला त्याची गाडी गेटवर असायची, जर्किनवरून पाणी निथळत. तीन वेळा त्याला ‘उत्कृष्ट कामगार’चं प्रमाणपत्र दिलं. एका वर्षी भिंतीवरचं घड्याळही दिलं. पगारवाढ कधी अडवली नाही. त्याचे खातेप्रमुख मला एकदा म्हणाले होते, “डॉक्टर आहे म्हणून मला रात्री झोप लागते.” अगदी प्रेमानं म्हणाले होते. ते चारही अर्ज परत गेले ते या प्रेमापोटी, हे मला त्या दुपारी दिसलं.

मुलाखतीत आमचा ठरलेला कागद असतो. सोडण्याचं कारण या प्रश्नापुढं सहा चौकटी, त्यातल्या ‘अधिक चांगली संधी’वर त्यानं खूण केली. बहुतेक सगळे तिथंच करतात. कुणाचं मन दुखवायला नको आणि रिलिव्हिंग लेटर अडायला नको, अशी ती सोयीची चौकट आहे. पगार किती वाढतोय विचारलं तर म्हणाला, हातात तीन हजार जास्त येतील. नवी नोकरी रांजणगावला. आता मोशीहून रांजणगाव म्हणजे रोज चाकण-शिक्रापूरचा रस्ता. ज्यानं तो रस्ता पाहिलाय त्याला हिशेब समजावायला नको, तीन हजार त्या रस्त्यावरच जातील. मी विचारलं, मग का? तो म्हणाला, “तिकडं रोबोटचं ट्रेनिंग देणारेत मॅडम. जॉइन झाल्या झाल्या.” त्यावर मी ते वाक्य बोलले. तो खिडकीबाहेर बघत होता. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवर प्लॅस्टिक झाकत होतं. “हो मॅडम,” एवढंच म्हणाला. चार वेळा मागितलं होतं हे त्यानं मला सांगितलं नाही. का सांगितलं नसेल, यावर मी पुष्कळ विचार केलाय. मला लाजवायचं नव्हतं म्हणून, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं की आता सांगून उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं.

घरी येईपर्यंत साडेआठ वाजले. बाबा हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांना ऑफिसातलं मी फारसं सांगत नाही, पण त्या दिवशी सांगितलं. माणूस कसा होता, मशीन कसं आहे, अर्ज कसे परत गेले. त्यांनी आधी मशीनबद्दल विचारलं. कुठलं, किती जुनं, स्पिंडल कधी उघडलं होतं. मग शेंग फोडता फोडता म्हणाले, “हाताखाली कोण होतं त्याच्या?”

“कुणी नाही.”

“मग कसा सुटणार तो?”

बाबांना हा प्रश्न सुचला याचं कारण आहे. ते १९७३ साली कोरेगाव तालुक्यातून टर्नरचं सर्टिफिकेट घेऊन पुण्याला आले, ते टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, अप्रेंटिसशिपसाठी. तेव्हाच्या पोरांना टेल्को म्हणजे काय वाटायचं, हे भोसरी-पिंपरीत वाढलेल्यांना सांगायला नको. पिंपरी-चिंचवडला टेल्कोचं काम सुरू झालं १९६६ मध्ये, आणि इथून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी मधली वर्षं आधी यंत्रं-हत्यारं घडवायला आणि ती चालवणारी माणसं घडवायला दिली. गाडी त्यानंतर. आज कुठल्या बैठकीत हा क्रम सुचवला तर काय होईल, याची मी कल्पना करून पाहते. बाबांची त्या परीक्षेत निवड झाली नाही. पुढं कितीतरी वर्षं ‘टेल्कोचा अप्रेंटिस’ हे शब्द ते उच्चारायचे तेव्हा आवाज थोडा खाली यायचा. १९७४ साली ते भोसरीतल्या एका टूलरूममध्ये लागले आणि २०११ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. सदतीस वर्षं. ग्रॅच्युइटी ३,०५,२५०. तो हिशेब त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतला होता.

त्या टूलरूममध्ये एक जिग बोरिंग मशीन होतं, धातूत अगदी अचूक भोकं पाडणारं. काचेचं दार लावलेल्या वेगळ्या खोलीत ते असायचं, कारण उन्हाळ्यात धातू फुगतो आणि हजाराव्या भागाचं काम चुकतं. बाबा थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलायचे. दोन थाउ बसलं, अर्धा थाउ घ्यायचाय. खंडेनवमीला आम्ही तिघी, आई, मी आणि धाकटी बहीण, कारखान्यात जायचो. यंत्रांना झेंडूच्या माळा, प्रत्येकासमोर नारळ, कूलंटच्या वासात मिसळलेला उदबत्तीचा वास. बाबा त्या मशीनला स्वतः हळदकुंकू वाहायचे आणि कुणालाही पुढं होऊ द्यायचे नाहीत. रविवारी कारखान्यातली नवी पोरं घरी यायची. बाबा फरशीवर खडूनं ड्रॉइंग काढून त्यांना वाचायला शिकवायचे, आई सगळ्यांसाठी पोहे टाकायची. दोन वर्षं झाली की ती पोरं मोठ्या कंपन्यांत जायची. मालक चिडायचे. “तुम्ही शिकवता आणि ती उडून जातात.” बाबा खाली मान घालून ऐकायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा नवा खडू. त्यांचं एक वाक्य होतं: हाताखालचं पोरगं तयार झालं की आपला हात मोकळा होतो. त्या पोरांपैकी काहींनी पुढं तळवड्याला, कुदळवाडीला शेड घेऊन स्वतःची वर्कशॉप्स टाकली. त्यातल्या एकानं कित्येक वर्षं आपलं जिग बोरिंगचं काम बाबांच्याच मालकाकडे पाठवलं. दसऱ्याला पेढे घेऊन यायचा, बाबांच्या पाया पडायचा. मालक त्याला खुर्ची द्यायचे.

पण बाबांचा स्वतःचा हात काही मोकळा झाला नाही. १९९४ मध्ये, मी दहावीत असताना, कारखान्यात पहिलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन आलं. ते शिकायला कुणाला तरी पाठवायचं होतं. बाबांनी मालकांना विचारलं. त्या रात्री जेवताना त्यांनी आम्हाला सांगितलं, “साहेब म्हणाले, तुमच्याशिवाय जिग बोरिंग कोण बघणार?” हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. मलाही अभिमान वाटला. आईनं फक्त आमटी वाढली. सीएनसीवर बाहेरून एक मुलगा आला, बाबांच्या निम्म्या वयाचा, आणि दोन वर्षांत त्याचा पगार बाबांच्या पुढं गेला. मालक वाईट नव्हते, हेही लिहायला हवं. आईच्या ऑपरेशनचं बिल त्यांनी भरलं आणि पगारातून एक पैसा कापला नाही. त्यांच्याबद्दल आमच्या घरात अजूनही आदरानंच बोलतात, आणि मीही बोलते. तरीही त्या रात्री शेंगांची टरफलं गोळा करताना मी बाबांना विचारलं, “तुम्हाला सीएनसी शिकायचं होतं ना?”

“शिकलो असतो,” ते म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शॉपवर जाऊन स्किल मॅट्रिक्सच्या बोर्डासमोर उभी राहिले. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात हा बोर्ड असतो. आडव्या ओळीत मशीन, उभ्या रकान्यात माणसं, आणि प्रत्येक चौकोनात चार भाग केलेलं एक वर्तुळ. एक पाव भरला म्हणजे शिकतोय. दोन म्हणजे कुणाच्या देखरेखीखाली करतो. तीन म्हणजे एकटा करतो. पूर्ण भरलं म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. हा बोर्ड मी शेकडो वेळा पाहिला असेन, पाहुण्यांना कौतुकानं दाखवलाही असेल. दाखवताना नेहमी माणसांचे रकाने वाचायचे: याची किती वर्तुळं भरली, त्याची किती राहिली. त्या सकाळी पहिल्यांदा मशीनची ओळ वाचली. ग्राइंडिंगच्या ओळीत आतापर्यंत डॉक्टरचं वर्तुळ पूर्ण काळं असायचं आणि त्याच्यापुढं टोकापर्यंत सगळी वर्तुळं रिकामी. ज्याला ‘शिकवू शकतो’ असा दर्जा आम्ही दिला होता, त्याच्यासमोर शिकायला नऊ वर्षांत एकही माणूस बसवला नव्हता. आता तर त्याचा रकानाच पांढऱ्या पट्टीनं झाकला होता आणि ती ओळ पूर्ण कोरी दिसत होती.

मी खातेप्रमुखांशी बोलले. आधी त्यांनी तेच म्हटलं जे सगळे म्हणतात, पैशासाठी गेला. मी तीन हजारांचा आणि रांजणगावच्या रस्त्याचा हिशेब सांगितल्यावर ते गप्प झाले. मग त्यांनी त्यांची बाजू मांडली आणि ती खोटी नव्हती. गिऱ्हाईक कंपनीकडे आमचा माल त्याच दिवशी लाइनवर चढतो. आमच्यामुळे त्यांची लाइन थांबली तर प्रत्येक मिनिटाचे पैसे आमच्या नावावर पडतात. सहा आठवडे डॉक्टर नाही, आणि त्यातच मशीन बसलं तर? मेंटेनन्समध्ये मंजूर माणसं सात, आणि सातांपैकी एकाला शिकाऊ म्हणून त्याच्यामागं फिरवायचं तर पाळ्या कोण भरणार? “तुम्ही मला आठवा माणूस द्या, मी उद्या कुणालाही सोडतो,” ते म्हणाले. आठव्या माणसाची मागणी त्यांनी दोनदा केली होती. ती फेटाळली गेली त्या बैठकीत मीही होते. खर्चाच्या तक्त्यात तो माणूस नुसता बसलेला दिसत होता.

पुण्याच्या विद्यापीठात एमपीएम, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटची पदवी, करताना आम्हाला हर्झबर्ग नावाचा मानसशास्त्रज्ञ शिकवला होता. त्यानं १९५० च्या दशकात पिट्सबर्गच्या परिसरातल्या २०३ इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना कामात केव्हा बरं वाटलं आणि केव्हा वाईट, हे विचारलं. पगार, साहेबाचं वागणं, कामाची जागा यांनी माणूस नाराज होतो, पण ते सगळं ठीक असलं म्हणून तो खूश होतोच असं नाही. खूश होतो तो काही जमल्यानं, कुणी ते ओळखल्यानं, पुढं सरकल्यानं. परीक्षेत यावर मला चांगले मार्क होते. पुढं अशा अभ्यासांबद्दल वाचत राहिले. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलच्या मॅथ्यू बिडवेलनं २०११ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक बँकेचं रेकॉर्ड तपासून दाखवलं, की आतल्याला बढती देण्याऐवजी बाहेरून आणलेल्या माणसाला सुमारे १८ ते २० टक्के जास्त पगार द्यावा लागतो आणि पहिली दोन वर्षं त्याचं काम आतल्यापेक्षा कमीच भरतं. हे मी स्वतः एका सादरीकरणात वापरलंय. आणि त्यानंतरच्याच वर्षी, २०२४ मध्ये, आमच्याकडे वेल्डिंगचा रोबोट सेल आला तेव्हा आम्ही बाहेरून माणूस घेतला. नाशिकचा मुलगा, गुणी आहे. आल्यावर त्याचे दोन महिने आमच्या कारखान्याची वायरिंग समजून घेण्यात गेले, आणि ती समजावून देणारा डॉक्टर होता. दोघं डबा एकत्र खायचे. त्या मुलाचा पगार डॉक्टरपेक्षा किती जास्त होता, हे डॉक्टरला माहीत असणार. शॉपवर कुणाचा पगार कुणापासून लपत नाही.

आमच्या खात्याच्या दारावरची पाटी माझ्याच नोकरीच्या काळात कितीदा बदलली. मी शिकाऊ म्हणून लागले ती ‘टाइम ऑफिस’मध्ये. पंचिंग कार्डं, गेट पास, कॅन्टीनच्या तक्रारी. शेजारच्या खोलीत वेल्फेअर ऑफिसर बसायचे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथं तो अधिकारी नेमायलाच लागायचा. त्यांच्याकडे एक वही होती, त्यात कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा भाऊ गावी आजारी, कुणाला कुठल्या मशीनवर जायचंय, असं पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. मग ‘पर्सोनेल’ झालं, मग ‘एचआर’, आता काही ठिकाणी आणखी गोड नावं आहेत. सॉफ्टवेअर आलं आणि वही गेली. मला सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही, त्यानंच ते चार अर्ज जपून ठेवले होते. वहीत असते तर कदाचित मला कधी दिसलेच नसते. पण ते साहेब वही रोज संध्याकाळी उघडून वाचायचे, हे मी पाहिलेलं आहे.

माझी भाची हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. तिकडचं जग वेगळं वाटतं, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, राजीनामा टाकला की काउंटर ऑफर, राहिलात तर रिटेन्शन बोनस. पण तिच्याशी बोलले तर गोष्ट तीच निघाली. जुन्या बँकिंग सिस्टीमचा एक भाग टीममध्ये फक्त तिला येतो, म्हणून नव्या प्रोजेक्टवर तिला सोडत नाहीत. वर्षाला ४० तास शिक्षण सक्तीचं आहे. मार्च महिन्यात ती कुकर लावताना लॅपटॉपवर व्हिडिओ चालू ठेवते, मधेमधे येऊन ‘पुढे’ दाबते. तिचे ४० तास भरतात. “मावशी, राजीनामा दिल्याशिवाय इथं कुणी विचारत नाही काय शिकायचंय,” ती म्हणाली. मला तिला सांगता आलं नाही की मी काही वेगळं करते.

बॉण्डबद्दल मला लोक विचारतात, कारण अजूनही कितीतरी कंपन्यांना वाटतं की बॉण्ड हाच इलाज. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या बाबतीत, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. भरतीचा खर्च वाया जातो, हे बँकेचं म्हणणं न्यायालयानं मानलं. त्यानंतर आठवडाभर आमच्या ओळखीतल्या एचआरवाल्यांच्या ग्रुपवर उत्साह होता. मी बॉण्डच्या सरसकट विरोधात नाही. परदेशात महिनाभर शिकायला पाठवलं तर त्या खर्चाचा मान माणसानंही ठेवावा. पण बॉण्ड ज्याला शिकवलं त्याला बांधतो. डॉक्टरसारख्यांना बांधायला आमच्याकडे काहीच नव्हतं, कारण दिलंच नव्हतं काही. उजव्या बाजूच्या त्या ओळीतलं शून्य मला म्हणूनच बोचलं. पन्नास हजार असते तर मी ते माफ करायला धावाधाव केली असती, आणि मला फार बरं वाटलं असतं.

सप्टेंबरच्या बैठकीत मी आठव्या माणसाची मागणी पुन्हा ठेवली. या वेळी माणसांचे रकाने बाजूला ठेवून फक्त मशीनच्या ओळी दाखवल्या. ज्या ओळीत एकच काळं वर्तुळ आहे अशा ओळी आमच्या कारखान्यात अकरा निघाल्या. अकरा माणसं, ज्यांना आम्ही कधीच सोडणार नव्हतो. आणखी एक गोष्ट मागितली: खातेप्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्या हाताखालून किती जण कंपनीतच वरच्या किंवा वेगळ्या कामावर गेले, हे त्याच्या बाजूनं मोजायचं. आज असा माणूस गेला की त्याच्या खात्याचं नुकसान म्हणून धरतात. आठवा माणूस मंजूर झाला. दुसऱ्या गोष्टीवर ‘पुढच्या वर्षी बघू’ असं ठरलं. मी ती पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार आहे.

ऑगस्टमधली गोष्ट सांगायची राहिली. रात्री साडेअकराला ते ग्राइंडिंग मशीन बंद पडलं. रात्रपाळीला बावीस वर्षांचा एक ट्रेनी होता, नांदेडकडचा, डॉक्टर असताना त्याच्यासाठी चहा आणणारा. त्यानं पॅनेल उघडलं आणि काही कळेना तेव्हा सरळ डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर तिकडच्या दुसऱ्या पाळीवरून नुकताच घरी पोचला होता. व्हिडिओ कॉलवर दीड तास तो त्याला सांगत राहिला, कुठली वायर, कुठला रिले, मीटर कुठं लाव, आता कान लाव आणि मला सांग काय ऐकू येतंय. एक वाजता मशीन चालू झालं. सकाळी मला कळलं तेव्हा पहिली भीती वाटली की बाहेरच्या माणसाला पॅनेल दाखवलं म्हणून कुणीतरी नियम काढेल. दुसरं जे वाटलं ते लिहायला मला शब्द सापडत नाहीत.

शॉपवर गेले तर सुपरवायझर बोर्डासमोर मार्कर घेऊन उभे होते. त्या ट्रेनीच्या नावाखाली, ग्राइंडिंगच्या ओळीत, एक पाव भरायचा होता. त्यासाठी ट्रेनिंगची नोंद करावी लागते: विषय, तास, शिकणाऱ्याचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव आणि कर्मचारी क्रमांक.

“मॅडम, शिकवणारा म्हणून कुणाला दाखवू?”

“डॉक्टरांना.”

“त्यांचा नंबर बंद झालाय. सिस्टीम घेत नाही.”

मी कागदी फॉर्म मागवला. त्यांच्या टेबलावरची कूलंटचे डाग पडलेली पॅड पुढं ओढली आणि उभ्या उभ्या भरला. तास: दीड. शिकवणाऱ्याचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, जसं त्याच्या ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर होतं. क्रमांकाचा रकाना तसाच ठेवून खाली सही केली. सुपरवायझरनी कागद वाचला, फाइलला लावला, आणि मार्करचं टोपण काढून त्या वर्तुळाचा पहिला पाव भाग काळा केला.